पडणारी वीट कोणाची भीड धरीत नाहीं

(नागपूर येथें बांधकाम-मजूर बंधुभगिनी व रात्रीं शिकणारे विद्यार्थी यांच्या सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



२ एप्रिल २०२२ हा दिवस तुमच्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांत असेल. गुढीपाडव्याचा सण होता. दिवेलागण होऊन गेल्यावर या आपल्या नागपुरावरून आणि सबंध पूर्व विदर्भावरून एक जळती रेघ आकाशांतून सरकत गेली. कोणी म्हणालें तारा तुटला, कोणी म्हणालें उल्का. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी या गांवीं सुमारें ३ मीटर व्यासाचें धातूचें एक कडें जमिनीवर पडलेलें सांपडलें. त्याच तालुक्यांतील पवनपारकडे धातूचा एक गोळा मिळाला. पुढें इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं येऊन पाहणी केली. अंतराळांतील वस्तूंचा हिशेब ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनीं सांगितलें कीं, हा फेब्रुवारी २०२१ मध्यें उडविलेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवतीं फिरून फिरून तो शेवटीं खालीं आला होता. नशिबानें कोणास इजा झाली नाहीं.

या गोष्टीची बातमी देशभर झाली, आणि व्हावयासच पाहिजे होती. परंतु आमच्या मनांत त्या वेळीं दुसराच विचार आला. आकाशांतून कडें क्वचित् पडतें, त्याची बातमी होते; परांचीवरून वीट, पाना, सळाख हीं रोज पडतात, त्यांची बातमी होत नाहीं. ज्याच्या डोक्यावर पडतें त्याच्या घरापुरतीच ती बातमी असते. वास्तविक त्या कड्याला आणि या विटेला खालीं आणणारा कायदा एकच आहे. तो कायदा ठेकेदाराला कळतो, इंजिनियरला कळतो. मग ज्याचें डोकें त्या विटेखालीं असतें त्यालाच तो कां कळूं नये? म्हणून आज आम्ही पडणाऱ्या वस्तूंविषयीं बोलणार आहों. गणित थोडें येईल. घाबरूं नका, मजुरीचा हिशेब ज्याला येतो त्याला हें गणित येतें.

पहिली गोष्ट. जड वस्तु लवकर पडते आणि हलकी उशिरा पडते, असें तुमच्यापैकीं बहुतेकांस वाटत असेल. तसें वाटणें साहजिक आहे. ग्रीस देशांत अरिस्टॉटल नांवाचा मोठा विद्वान् सुमारें २३०० वर्षांपूर्वीं होऊन गेला, त्यालाहि तसेंच वाटलें. त्यानें लिहून ठेवलें, आणि पुढें जवळजवळ १९०० वर्षें बहुतेक पंडित तें वाचीत राहिले, शिकवीत राहिले. दोन दगड उचलून गच्चीवरून टाकून पाहावे ही तसदी फार थोड्यांनीं घेतली. पोथींत आहे म्हणजे खरें असलेंच पाहिजे, हा रोग केवळ आपल्याच देशांत आहे असें समजूं नका.

१५८६ सालीं हॉलंडांतील सायमन स्टेव्हिन यानें आपला प्रयोग प्रसिद्ध केला. हा मनुष्य हिशेबनीस होता, बांध आणि पाणचक्क्या यांचीं कामें जाणणारा होता. त्यानें शिशाचे दोन गोळे घेतले, एक दुसऱ्याच्या दहापट जड, आणि सुमारें ३० फुटांवरून ते एकदम खालीं फळीवर सोडले. फळीवर दोन आवाज व्हावयाचे ते एकच आवाज झाला. इटलींतील गॅलिलिओचें नांव तुम्हीं ऐकलेंच असेल. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची त्याची गोष्ट त्याच्या शिष्यानें मागाहून सांगितलेली आहे, ती खरी असो वा नसो. परंतु गॅलिलिओनें जो सवाल टाकला तो मात्र बिनतोड आहे. तो म्हणतो, जड दगड लवकर पडतो व हलका सावकाश पडतो हें घटकाभर खरें धरा. आतां दोन्ही दगड दोरीनें एकत्र बांधा. हलका दगड जडाला मागें ओढील, म्हणून जोडी थोडी सावकाश पडावी. पण दोन्हींचें वजन मिळून अधिक झालें, म्हणून जोडी अधिक लवकर पडावी! एकाच वेळीं सावकाशहि आणि लवकरहि कसें? तेव्हां मूळ समजूतच खोटी.

जड दगडाला पृथ्वी अधिक जोरानें ओढते हें खोटें नाहीं. परंतु जड वस्तु हालवावयासहि तितकाच अधिक जोर लागतो. भरलेल्या बंडीला दोन बैल आणि अर्ध्या भरलेल्या बंडीला एक बैल जुंपला, तर दोन्ही बंड्या सारख्याच चालतील, तसेंच हें. आतां येथेंच पहा. या हातांत जोडा आहे, या हातांत पांच रुपयांचें नाणें. सोडलीं. आवाज एकच झाला कीं नाहीं? मागच्या रांगेंतील मंडळींना शंका असेल तर त्यांनीं आपापले जोडे वापरावेत, आमची हरकत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट, आणि हीच मुख्य. पडणारी वस्तु एकाच वेगानें पडत नाहीं. क्षणोक्षणीं तिचा वेग वाढत जातो. कां वाढतो? पृथ्वीची ओढ एकदां धक्का देऊन थांबत नाहीं. ती दर क्षणीं आहेच. पहिल्या क्षणीं जो वेग मिळाला तो तसाच राहतो, आणि त्यांत दुसऱ्या क्षणाच्या वेगाची भर पडते, मग तिसऱ्याची. ही भर किती? दर सेकंदाला ९.८ मीटर, म्हणजे पहिल्या सेकंदाच्या शेवटीं वेग सेकंदास ९.८ मीटर, दुसऱ्याच्या शेवटीं १९.६, तिसऱ्याच्या शेवटीं २९.४. सावकाराचें चक्रवाढ व्याज हें नव्हे. हें सरळव्याज आहे, दर सेकंदाला तेवढीच रक्कम, कमी नाहीं, जास्त नाहीं. अगदीं बारकाईनें मोजलें तर हा आंकडा आपल्या नागपुरास ९.७९ च्या जवळ आहे, ध्रुवाकडे ९.८३ आहे, परंतु आपल्या कामाला ९.८ पुरे. तोंडीं हिशेबाला तर १० धरा.

वेग सरळव्याजानें वाढतो. पण अंतर तसें वाढत नाहीं, तें पुष्कळ झपाट्यानें वाढतें. पहिल्या सेकंदांत वस्तु सुमारें ५ मीटर पडते, दुसऱ्या एका सेकंदांत १५ मीटर, तिसऱ्यांत २५. म्हणजे एक वांटा, तीन वांटे, पांच वांटे, मग सात, मग नऊ, असे विषम आंकडे. बेरीज करा: एका सेकंदाला ५, दोन सेकंदांना २०, तीन सेकंदांना ४५ मीटर. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट. गॅलिलिओजवळ सेकंद मोजणारें घड्याळ नव्हतें. त्यानें उतरत्या फळीच्या खांचेंतून गोळी घरंगळत सोडली, म्हणजे पडणें सावकाश झालें. आणि भांड्याच्या बारीक छिद्रांतून पडणारें पाणी वजन करून त्यानें वेळ मोजला. १६३८ सालच्या त्याच्या ग्रंथांत हें सारें आहे. तराजू, पाणी, फळी आणि गोळी. यांतील एकहि वस्तु अशी नाहीं कीं जी तुमच्या घरीं मिळणार नाहीं.

आम्हीं येथें त्याहून सोपें साधन आणलें आहे. ही गवंड्याची दोरी, आणि हे लोखंडी नट. पहिला नट टोंकाला, तो ताटाला टेकलेला. दुसरा त्यापासून १० सेंटिमीटर वर, तिसरा ४० वर, चौथा ९० वर, पांचवा १६० वर. दोरी वरून सोडूं या. ऐका: टक्, टक्, टक्, टक्. सारख्या अंतरानें ताल पडला. आतां ही दुसरी दोरी. हिच्यांत नट सारख्या अंतरावर, दर ४० सेंटिमीटरला बांधले आहेत. सोडा. ताल बिघडला, आवाज एकमेकांच्या अंगावर धांवत आले. नट जेथें सारखे बांधले तेथें ताल वांकडा, आणि जेथें अंतरें वाढत जाणारीं तेथें ताल सरळ. वाढता वेग डोळ्यांना दिसत नाहीं, पण कानांना ऐकूं येतो.

आतां परांचीवर चढूं या, कारण आमचा खरा विषय तेथें आहे. या शहरांत मेट्रोचे खांब उभे राहिले, वर्धा रोडवर दुमजली पूल झाला, चौफेर इमारतींचे मजले चढत आहेत. हें सारें ज्या हातांनीं झालें ते हात सकाळीं ठिय्यावर उभे असतात. वीस मीटर म्हणजे साधारण सहा-सात मजल्यांची उंची. तेथून मिस्त्रीच्या हातांतून वीट सुटली. ती खालीं येण्यास दोन सेकंद लागतात, आणि खालीं पोंचतांना तिचा वेग ताशीं ७० किलोमीटर असतो. रस्त्यावरची मोटार या वेगानें अंगावर आली तर तुम्ही पळाल; विटेला तर हॉर्नहि नाहीं.

येथें एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. दोन सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ, वरून कोणी “हटा!” म्हणून ओरडलें कीं खालचा बाजूला होईल, असें कामावर सर्रास समजलें जातें. हिशेब करा. वीट पहिल्या सेकंदांत फक्त ५ मीटर पडते. वरच्या माणसाला आपल्या हातून वीट सुटली हें कळून तोंडांतून शब्द फुटेपर्यंत यांतील बराच काळ जातो. खालच्यानें ऐकावें, मान वर करावी, कोणत्या बाजूस पळावें हें ठरवावें. आणि शेवटचे ५ मीटर, म्हणजे वीट दुसऱ्या मजल्याच्या पातळीपासून त्याच्या पायापर्यंत येण्यास, पाव सेकंदाच्या थोडा वरच वेळ लागतो. डोळा मिटून उघडण्यास लागतो तेवढा! विटेचा वेग सुरवातीला कमी असतो तेव्हां ती वर, दृष्टीआड असते. आणि ती दिसते तेव्हां तिनें सगळा वेग कमावलेला असतो. त्यांतून ओरडणें ऐकून माणूस काय करतो? वर पाहतो. म्हणजे डोक्यावर बसणारा मार तोंडावर घेतो. एवढ्यासाठीं आम्ही सांगतों कीं ओरडण्याच्या भरंवशावर काम करूं नका, करूं देऊं नका. मधल्या मजल्याला जाळी हवी, परांचीच्या कडेला फळीची आडकाठी हवी, हत्याराला दोरी हवी, आणि ज्या पट्ट्याखालीं काम चालू आहे तेथें माणूसच नको. हेल्मेट हवेंच; पण हेल्मेट नट-बोल्टपासून वांचवील, वीस मीटरवरून आलेल्या सबंध विटेपुढें त्याचा काय पाड?

उंची आणि वेग यांचा आणखी एक संबंध आहे तो पुष्कळांना उलटा वाटतो. उंची दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाहीं. वेग दुप्पट व्हावयास उंची चौपट लागते. ५ मीटरवरून पडलें तर ताशीं ३६ किलोमीटर, २० मीटरवरून ७१. यावरून कोणी समजेल कीं कमी उंची म्हणजे धोका कमी. याचा खरा अर्थ उलट आहे: थोड्या उंचीवरच वेग फार लवकर जमा होतो. २ मीटरच्या घोडीवरून पडलेला माणूस ताशीं २२ किलोमीटर वेगानें जमिनीवर आपटतो. “अरे, घोडीवर तर चढायचें आहे, पट्टा कशाला?” असें म्हणणारे मुकादम आम्हीं पाहिले आहेत. घोडीवरून पडून कायमचे अंथरुणाला खिळलेले लोकहि पाहिले आहेत.

पट्ट्याविषयीं. पट्टा बांधला म्हणजे झालें असें नाहीं. दोरी कोठें अडकविली हें पाहा. पायाशीं अडकविली तर पडतांना दोरीच्या लांबीहून अधिक अंतर मोकळें पडाल, आणि मग हिसका बसेल. डोक्यावर, ताणून अडकविली तर हातभर पडण्याआधींच ती धरील. एक मीटर मोकळें पडणें म्हणजे ताशीं १६ किलोमीटर, चार मीटर म्हणजे ३२. हिसका किती बसतो तें थांबण्याच्या अंतरावर असतें. दोन मीटर पडलेला माणूस फक्त दहा सेंटिमीटरांत थांबला, तर त्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सुमारें वीसपट जोर येतो. जिनिंगमध्यें कापसाच्या गंजीवर पोरें उड्या मारतात आणि हंसत उठतात. त्याच उंचीवरून फरशीवर उडी मारली तर गुडघे फुटतील. पडणें दोन्हीकडे सारखेंच. गंज हळूहळू दबत थांबविते, फरशी एकदम थांबविते. चांगल्या पट्ट्याला हिसका खाणारी शिवण असते ती याकरितां.

विहिरीचें काम करणारांनाहि हेंच लागू. यारीचा दोर तुटला आणि मलब्याचें टोपलें १५ मीटरवरून सुटलें तर तळाच्या माणसाला पावणेदोन सेकंद मिळतात, आणि विहिरींत पळणार कोठें? म्हणून टोपलें वर जात-येत असतां तळाच्या माणसाला आडोसा असलाच पाहिजे. विहिरीचें निघालेंच आहे तर मुलांसाठीं सांगतों: कोरड्या किंवा जुन्या विहिरीचें पाणी किती खोल आहे हें दोरीशिवाय कळतें. खडा सोडा, सेकंद मोजा, त्या आंकड्याला त्याच आंकड्यानें गुणा आणि पुन्हां पांचानें गुणा. दोन सेकंद तर वीस मीटर. आवाज वर येण्यास थोडा वेळ लागतो, तेवढी चूक चालेल. पण आंत कोणी उतरलेलें असतांना हा प्रयोग कोणी करूं नये.

१९९६ सालीं बांधकाम-मजुरांसाठीं केंद्राचा कायदा झाला, १९९८ सालीं त्याचे नियम झाले, आणि त्यांत हेल्मेट, पट्टा, जाळी यांच्या तरतुदी आल्या. २०२० सालीं संसदेनें नवी संहिता मंजूर केली. कायद्याच्या पुस्तकांत पुष्कळ आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकांतील जाळी विटेला अडवीत नाहीं. ती परांचीला बांधलेली लागते. “जाळी कोठें आहे?” हें विचारतांना हातीं दोन सेकंदांचा आणि पाव सेकंदाचा हिशेब असला, तर मुकादम तुम्हांस भित्रा म्हणूं शकणार नाहीं.

आतां कोणी चौकस विद्यार्थी विचारील, दर सेकंदाला वेग वाढतो तर पावसाचा थेंब ढगांतून येतांना बंदुकीच्या गोळीसारखा कां लागत नाहीं? प्रश्न रास्त आहे. एक किलोमीटर उंचीवरून थेंब अडथळ्याशिवाय पडला असता तर त्याचा वेग ताशीं ५०० किलोमीटर झाला असता, आणि मृगाच्या पहिल्या सरींत शेतकऱ्याची चाळण झाली असती. वांचविते ती हवा. वेग वाढेल तसा हवेचा विरोध वाढतो, आणि एका ठिकाणीं ओढ व विरोध यांची बरोबरी होते. मग वेग वाढावयाचा थांबतो. मोठ्यांतला मोठा पावसाचा थेंब सेकंदास सुमारें ९ मीटरवर असा थांबतो. कागद सपाट सोडा, तरंगतो. चुरगाळून सोडा, धपकन् पडतो. वजन तेंच, हवा अडविण्याचें क्षेत्र कमी झालें. २ ऑगस्ट १९७१ रोजीं चंद्रावर, जेथें हवा नाहीं, डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानें हातोडा आणि पीस एकदम सोडलीं. दोन्ही एकाच वेळीं जमिनीला टेकलीं.

गारेची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती आपल्या विदर्भाला चांगली माहीत आहे. गार जितकी मोठी तितकें तिचें वजन तिच्या रुंदीच्या मानानें अधिक, म्हणून हवेशीं बरोबरी होईपर्यंत ती अधिक वेग घेते. ज्वारीच्या दाण्याएवढी गार नुसती टोचते; लिंबाएवढी गार सेकंदास पंचवीस-तीस मीटर वेगानें येते आणि संत्र्याची फांदी मोडते, पाखरें मारते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ-मराठवाड्यांत जी गारपीट झाली तिनें हातचा गहू, हरभरा, संत्रा नेला. वजन वाढलें आणि वेगहि वाढला, म्हणून मार दोन्हींकडून वाढला.

लाडबोरीच्या कड्याचेंहि असेंच. तें वर फिरत होतें तेव्हां त्याचा वेग सेकंदास सुमारें पावणेआठ किलोमीटर होता. पृथ्वीभोवतीं फिरणारी वस्तु पडत नाहीं असें समजूं नका. ती सारखी पडतच असते, पण आडवी इतकी वेगानें जाते कीं पडतां पडतां पृथ्वीची गोलाई तिच्याखालून वळत जाते. वरची विरळ हवा थोडी थोडी गति खाते, कक्षा उतरते, आणि दाट हवेंत शिरतांच तापून भडका होतो. पाडव्याला दिसली ती रेघ तीच. बहुतेक भाग जळाला. पोकळ, रुंद कडें हवेनें अडवून अडवून सावकाश केलें, म्हणून तें जमिनींत गाडलें न जातां आख्खें सांपडलें.

आणि हवेला न जुमानणारें पडणें पाहावयाचें असेल तर बुलढाणा जिल्ह्यांत लोणारला जा. काळ्या बेसाल्टांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशें मीटर खोल खळगा, आंत खारें पाणी. लवणासुराला विष्णूनें येथें मारलें अशी कथा तेथें सांगतात. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तेथील दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखविल्या, आणि हा खळगा अवकाशांतून पडलेल्या अशनीनें केला हें ठरलें. फार दुरून पृथ्वीच्या ओढीनें येणारी वस्तु वाटेंत वेग कमावीत कमावीत सेकंदास निदान ११ किलोमीटरनें येते. एवढ्या मोठ्या धोंड्याला हवा काय अडविणार!

कोणी म्हणेल, यांत नवें काय, आमच्या भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांतच पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असें लिहिलें आहे. लिहिलें आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ काढल्याचा शिलालेखहि आहे. परंतु पृथ्वी ओढते हें सांगणें एक, आणि पहिल्या सेकंदांत किती, दुसऱ्यांत किती, हें फळी मांडून मोजणें दुसरें. ओळंबा लावून भिंत उभी करणारा गवंडी आपल्याकडे शेंकडों वर्षें होता. पोथी वाचणाराहि होता. दोघे एका ओट्यावर बसून बोलले असते तर हें मोजमाप येथेंच झालें असतें, असें आम्हांस वाटतें. त्यांना एका ओट्यावर कोणीं बसूं दिलें नाहीं हें तुम्हांस सांगावयास नको.

मोजमापाची किंमत अगदीं अलीकडेहि दिसली. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चांद्रयान-२ चें विक्रम यान उतरतांना वेग आंवरला न गेल्यामुळें चंद्रावर आदळलें. चंद्राची ओढ आपल्या एकषष्ठांशच, पण ती सुद्धां सेकंदा-सेकंदाला भर घालीत राहतेच. चार वर्षांनीं, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं, तीच भर क्षणोक्षणीं इंजिनानें वजा करीत चांद्रयान-३ अलगद टेकलें.

या दोन दोऱ्या, नट आणि हें ताट आम्ही येथेंच ठेवून जात आहों. दुसऱ्या दोरींतले नट सोडवून मुलांनीं ते विषम वांट्यांनीं स्वतः बांधावेत: एक, तीन, पांच, सात. दोरी वीतभर उरेल, तेवढी ओळंब्याला कामास येईल. आणि उद्यां सकाळीं कामावर जाल तेव्हां वीट उचलण्यापूर्वीं मान वर करून पाहा, जाळी आहे कीं नाहीं.